फक्त आमच्याकडे

रुवीच्या हाय स्ट्रीटवर, सोनाराच्या दुकानाला पाठ लावून
आमचं दुकान होतं, शबनम व्हिडिओ. आठ बाय दहा.
मालक वर्गीस. हिशेब त्यांचा, धूळ माझी.

त्या वर्षी समोर फाल्कन उघडलं.
मस्कतभर सात शाखा, काचेचं दार,
आत एसी असा की लोक नुसते गार व्हायला जायचे
आणि येताना कॅसेट घेऊन यायचे.
काचेवर चार भाषांत एकच ओळ:
फक्त आमच्याकडे.

वर्गीसनी मला समजावलं, नखं काढत काढत.
कंपनीशी करार झालाय. नवा सिनेमा
पहिले सहा महिने त्यांच्याच फळीवर.
आपण मागितला तरी नाही,
दाम मोजला तरी नाही.
मी म्हटलं, म्हणजे आमच्या गावच्या विहिरीसारखं.
ते म्हणाले, इथे कुठे आल्यात विहिरी.

गुरुवारी रात्री गुणाजी आंब्रे आला,
घालाच्या कॅम्पवरून चालत, कानामागे सिमेंट तसंच.
"तो नवा पिक्चर हवाय."
मी हनुवटीनं समोर दाखवलं.
"तिथे बताका मागतात.
बताका कफीलच्या कपाटात."
मग खिशातून पत्र काढलं, घामानं मऊ झालेलं.
खेडहून चुलत्यानं लिहिलं होतं:
धोंडू पिक्चरमध्ये दिसला. मंडईत,
खांद्यावर टोमॅटोचं खोकं. इंटरव्हलच्या जरा आधी.
धोंडूचं चार वर्षांत पोस्टकार्ड नाही.
"बारीक झालाय का, एवढंच बघायचंय."

मी रस्ता ओलांडला.
माझा बताका, माझेच पाच रियाल डिपॉझिट.
काउंटरला इनास फालेरो, मडगावचा.
"तूं? हांगा?" म्हणाला,
आणि पुढे काही न विचारता
मला सभासद क्रमांक सहाशे अकरा केलं.

शुक्रवारी वर्गीस चर्चला गेले तसं
शटर अर्धं खाली ओढलं.
गाणी पळवली, मारामाऱ्या पळवल्या.
मंडई आली. नायिका लिंबं निवडत होती,
आणि तिच्या मागून, डावीकडून उजवीकडे,
एक खोकं गेलं.
"थांबव."
चित्र थरथरलं, मधोमध पांढरी रेघ.
"मागे घे."
किती वेळा, मोजलं नाही.
चहा दोनदा गार झाला.
चेहरा खोक्याआड. दिसत होता एक कान,
कोपरापासून खाली हात, आणि पायात स्लीपर.
गुणाजी टीव्हीपुढे उकिडवा, काचेला नाक लागेल इतका जवळ.
शेवटी म्हणाला,
"बारीक नाही झालाय. खोकं जड आहे ना,
म्हणून तसं वाटतं."

शनिवारी कॅसेट परत दिली.
पुढच्या आठवड्यात फाल्कनमध्ये तक्रारी:
मंडईत रेघ येते.
इनास आमच्याकडे चहाला आला, बिस्किट बुडवून खाल्लं,
रेघेबद्दल अवाक्षर नाही.
जाताना एवढंच म्हणाला, पॉज फार ठेवू नये रे,
फीत झिजते.

सहा महिने उलटले. करार संपला.
जुना माल त्यांनी गोणीनं विकला,
वर्गीसनी चाळीस कॅसेट उचलल्या, घासाघीस करून.
त्यात तीच होती. तिच्यावरचं लेबल
कोणीतरी नखानं खरवडलेलं, उरलं होतं नुसतं
'आमच्याकडे'.
गुणाजीला तोवर सोहारच्या साइटवर हलवलं होतं.
निरोप धाडला. पोचला की नाही, कळलं नाही.

मी एकट्यानं लावून पाहिली.
रेघ आता पॉज न करताही येते,
लिंबांवरून, नायिकेच्या पदरावरून,
नेमकी त्या कोपराशी जाऊन थांबते.

गिऱ्हाईक आलं की मी आधीच सांगतो,
इंटरव्हलच्या आधी जरा खराब आहे.
ते म्हणतात, चालेल, तेवढं पळवू.
मी पावती फाडतो, पैसे घेतो,
आणि कॅसेट हातात देता देता म्हणतो,
पळवू नका.